उत्तरापुरती जागा

आई न थांबता बोलत होती. ए चेअर टू सिट ऑन ए कप टू ड्रिंक फ्रॉम ए पेन टू राइट विथ ए हाउस टू लिव्ह इन. एकामागून एक, मध्ये श्वासाएवढीही फट नाही. आवाज तिचाच होता, चढउतार तिचेच, ‘हाउस’ म्हणताना किंचित रुंदावणारा सूरही तिचाच. पण ज्या घाईने ते सगळं माझ्या अंगावर येत होतं ती घाई तिची नव्हती. ताप डोक्यात गेलेल्या माणसाने बरळावं तशी ती वस्तूंची नावं घेत सुटली होती, आणि यातली प्रत्येक वस्तू कशाच्या तरी उपयोगाची आहे हे कुणाला तरी पटवून दिल्याशिवाय तिला जणू सुटका नव्हती. मी टेबलाची कड धरली. “जरा बंद करता का,” मी म्हणाले. साउंड एडिटरने बटण दाबलं. चाळिशीचा, सभ्य माणूस होता. मला बरं वाटावं म्हणूनच त्याने ते ऐकवलं होतं. “बघा, सगळा धडा निम्म्यात बसला,” तो म्हणाला, “आणि आवाज काय आहे मॅडम, काचेसारखा. काही करावंच लागलं नाही. फक्त मधलं रिकामं काढलं.”

पडद्यावर आईचा आवाज हिरव्या टेकड्यांसारखा दिसत होता, एकीला एक चिकटलेल्या. शेजारच्या खिडकीत मूळ टेप होती: टेकडी, मग लांबच लांब सपाट रान, मग पुन्हा टेकडी. कुठे रान लहान, कुठे एवढं मोठं की पुढची टेकडी दिसेपर्यंत पडदा सरकवावा लागे. “हे काय आहे माहितीये का तुम्हाला?” मी विचारलं. “आहे ना. शिकणाऱ्याने म्हणायची जागा. पण बाईंनी कसलंच माप धरलेलं नाही. एकीकडे चार सेकंद, तर दुसरीकडे पंधरा. आजकाल कोण थांबतं एवढं? लोकांना वाटतं फोन अडकला.” मग माझ्या चेहऱ्यावर काहीतरी वाचून तो घाईने म्हणाला, “सगळंच काढून टाकायचं नाहीये. दोन-दोन सेकंदांची शांतता आम्ही घालणार. आमची. या शांततेत आवाज फार आहेत, खुर्ची करकरते, कुणी श्वास घेतंय. आमची एकदम स्वच्छ असते.” आईने ज्या इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेसाठी हे धडे टेपवर वाचले होते, तिला ते आता मोबाइलवर आणायचे होते. घरचे हो म्हणाले तर हा आवाज हजारो लोकांच्या कानात जाणार होता. नाही म्हणाले तर नव्या मुलीच्या आवाजात सगळं पुन्हा करायचं ठरलं होतं आणि जुन्या टेपा टाकून देऊन त्यांची खोली रिकामी करणार होते. हो म्हणायचा हक्क बाबांचा होता. मी त्यांना विचारून सांगायचं होतं. “नुसतं हो म्हणाले तरी चालेल,” तो म्हणाला, “बाकीचं ऑफिस बघेल.”

मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि एका बंद दुकानाच्या पायरीशी उभी राहिले. समोर एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, आणि माझ्या डोक्यात, मला नको असताना, धडा चालू झाला: ए लॅडर टू क्लाइम्ब. ए क्लॉथ टू वाइप विथ. लहानपणी हा आमच्या घरात खेळ होता. आईने संस्थेसाठी तो धडा लिहिला त्या दिवसांत ती भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना एकदम एखादं नाव फेकायची आणि आम्ही त्याला शेपूट जोडायचं. नाइफ. टू कट. सोप. टू वॉश. “आपल्यात काम आधी येतं आणि वस्तू मागून,” ती सांगायची, “बसायला खुर्ची, प्यायला पाणी, लिहायला पेन. त्यांच्यात वस्तू आधी ठेवतात आणि मग तिला काम लावतात.” बाबा चष्म्याची काच फडक्याने पुसत म्हणायचे, “म्हणजे ते आधी खुर्ची विकत घेतात आणि मग बसायचं की नाही ते ठरवतात. पैसेवाले आहेत, परवडतं.” खुर्ची, कप, पेन झाल्यावर आई न दिसणाऱ्या वस्तूंकडे वळायची. टाइम. रीझन. चान्स. परमिशन. “कारण काही खुर्चीसारखं दिसत नाही. पण त्याच्यामागेही ‘टू’ तस्साच लागतो.” “मग कारणावरही बसता येत असेल,” बाबा. “लोक बसतातच की,” आई म्हणायची, “तुमची बहीण नाही का, दर वेळी एखाद्या कारणावर बसून असते.” बाबा हसायला लागायचे, पण त्यांचं हसूसुद्धा उशिरा यायचं, कारण त्याच्याआधी त्यांना काहीतरी म्हणायचं असायचं आणि ते ओठाशी अडकलेलं असायचं.

बाबा अडखळत बोलायचे. सगळ्याच शब्दांना नाही. काही अक्षरं त्यांच्या वाटेत दगडासारखी पडलेली होती आणि त्यातलं सगळ्यात मोठं ‘ट’. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायचं काम त्यांनी मुद्दाम घेतलं होतं. तिथे मशीनचा आवाज असतो आणि गिऱ्हाईक नसतं. आत्या म्हणायची, “आमचा दादा बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो.” हे ती त्यांच्यादेखत म्हणायची, प्रेमाने म्हणायची, आणि कपातला चहा संपवून उठायची, वाक्य पुरं व्हायच्या आत. घरात वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची ती एकटी आई. ती थांबायची म्हणजे काय करायची हे सांगणं अवघड आहे. ती मदतीला शब्द पुढे करायची नाही. मान हलवून ‘हं, हं’ असं ढकलायची नाही. नजर दुसरीकडेही न्यायची नाही. हातातलं काम चालू असेल तर चालू ठेवायची, थोडं हळू करून. गच्च भरलेल्या बसमध्ये शेजारच्याला बसता यावं म्हणून आपण जरासे सरकतो ना, तशी ती गप्प राहायची.

संस्थेत इतरही लोक धडे वाचायचे. वाक्य वाचलं की शिकणाऱ्यासाठी मोकळी जागा सोडायची असे, आणि ती जागा मोजायला प्रत्येकाची आपापली तऱ्हा होती. कुणी बोटं मोडायचं, कुणी मनात एक-दोन-तीन म्हणायचं. आईला ते जमेना. “मोजायला लागलं की मोजणंच होतं, थांबणं होत नाही,” ती म्हणायची. मग तिने बाबांना नेलं. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, तिघं मिळून जायचो. खोलीच्या मधोमध जाड काच होती. पलीकडे आई, तिच्यासमोर मायक्रोफोन, मनगटावरचं घड्याळ काढून रुमालात गुंडाळलेलं, कारण त्याची टिकटिक टेपवर येते. अलीकडे रेकॉर्डिंगवाले काका, एका स्टुलावर बाबा, आणि बाबांच्या गुडघ्याला टेकून मी. आई पलीकडून वाक्य म्हणायची, ते आम्हाला स्पीकरवर ऐकू यायचं. बाबा अलीकडून ते म्हणायचे, ते तिला ऐकू जायचं नाही. तिला फक्त त्यांचे ओठ दिसायचे. ओठ थांबले की ती पुढचं वाक्य घ्यायची. एवढीच युक्ती होती. “ज्याला यांच्याएवढा वेळ लागतो त्यालाही पुरला पाहिजे,” ती काकांना म्हणाली होती. काका कपाळाला हात लावायचे. “वहिनी, अर्धी टेप कोरी जाते हो. लोक म्हणतील कॅसेट फसवी निघाली.” “कोरी कुठे? हे बोलतायत की.” “पण ते टेपवर नाहीयेत!” “तेच तर. तिथे दुसऱ्या कुणाला तरी बोलायचंय.”

त्या ‘टू’च्या धड्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. प्रत्येक वाक्याच्या मध्यावर तो दगड होता. ए चेअर, बाबा म्हणायचे, अगदी सहज, मग त्यांची मान किंचित वर व्हायची, गळ्याची शीर ताठ व्हायची, माझ्या पाठीला टेकलेला गुडघा घट्ट व्हायचा, आणि आम्ही सगळे त्या ट्-ट्-च्या अलीकडे उभे राहायचो. काचेपलीकडे आई. तिचा चेहरा आता आठवायला गेले तर मला काचेवरची आमचीच प्रतिबिंबं आधी दिसतात, बाबांचा शर्ट, काकांचं टक्कल, आणि त्यांच्या आरपार ती. घाई नाही, काळजी नाही, कीवही नाही. तिचे ओठ मिटलेले. जणू पलीकडे काही अडलेलंच नाही, एक माणूस त्याचं वाक्य म्हणतोय आणि ती ऐकतेय. मग टू सुटायचा आणि त्याच्यामागून सिट ऑन धावत यायचं. धड्याच्या दुसऱ्या भागात ती नुसतं नाव द्यायची आणि शेपूट शिकणाऱ्याने लावायचं, मग ती आपलं सांगणार. तिथे बाबा खोड्या करायचे. “ए वाइफ,” असं धड्यात नव्हतंच, पण एकदा काका बाहेर गेलेले असताना तिने ते मुद्दाम म्हटलं, आणि बाबांनी इतका वेळ घेऊन, इतक्या कष्टाने, घामाघूम होत “टू फिअर” काढलं की मी गुडघ्यावरून घसरून जमिनीवर पडून हसले. तिला ऐकू गेलं नव्हतं. तिने काचेतून खुणेने विचारलं, काय? बाबांनी मान हलवली, काही नाही. मग घरी जाताना रस्ताभर तिने ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

लोक तिला आवाजावरून ओळखायचे, आणि त्यातले बरेच जण तिला पाहून हिरमुसायचे, कारण टेपवरची बाई त्यांनी उंच कल्पिलेली असायची. एकदा बसमध्ये तिने तिकिटं मागितली आणि कंडक्टर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने एका माणसाला उठवलं आणि कमरेत वाकून म्हणाला, “मॅडम, ए सीट टू सिट ऑन.” सगळी बस बघायला लागली. आई एवढीशी झाली. शिवणकाम करणारी एक बाई घरी आली होती, ती म्हणाली, “बाकी टेपा पळतात हो. मी तोंड उघडेपर्यंत पुढे गेलेल्या असतात. तुमची मला बोलू देते.” आई आत जाऊन बाबांना म्हणाली, “ऐकलंत का? तुमचं कौतुक चाललंय बाहेर.”

बाबांचं अडखळणं कधी संपलं ते कुणाला सांगता येणार नाही. एखाद्या मुलाचं बोबडं बोलणं जसं एका सकाळी आपोआप गेलेलं असतं. केव्हातरी ते दुकानात पुढच्या बाजूला बसायला लागले, गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायला लागले, आणि ‘ट’सुद्धा दाराशी घोटाळणाऱ्या पाहुण्यासारखा न राहता सरळ आत यायला लागला. आता त्यांना ओळखणाऱ्या निम्म्या लोकांना ते कधी अडखळायचे हे माहीतही नाही. आई गेली त्या आठवड्यात घरात माणसं येत होती, आणि बाबा प्रत्येकाला दाराशी जाऊन भेटत होते, नीट पूर्ण वाक्यं बोलत होते. हो, झोपेतच गेली. नाही, त्रास झाला नाही फारसा. तुम्ही लांबून आलात, बसा. एकाही अक्षरावर ते अडले नाहीत. आत्या मला स्वयंपाकघरात म्हणाली, “दादा किती खंबीर आहे गं.” मी हो म्हणाले. मला मात्र ते ऐकताना कसंतरी होत होतं; वाटत होतं, कुठेतरी एकदा तरी अडखळा, म्हणजे आपल्याला थांबता येईल. कुणीच थांबत नव्हतं. हॉस्पिटलमध्येही डॉक्टर प्रश्न विचारायचे आणि तिचे ओठ हलायच्या आत माझ्याकडे वळायचे. ती मग डोळे मिटून घ्यायची. रागाने नव्हे, तिला बोलायला जागाच उरायची नाही.

नंतर घर वस्तूंनी भरून राहिलं. तिचा कंगवा, तिचा कप, बाबांनी स्वतः घासलेल्या काचांचा तिचा चष्मा. सगळ्यांची नावं जागच्या जागी होती. नावापुढचं तेवढं गळून पडलं होतं. मी कपाटासमोर उभी राहायचे आणि ते धडे गिरवलेलं माझं डोकं प्रत्येक नावापाशी थबकायचं, ए कोम, आणि पुढे काही येत नसे. मी मोठी झाले, पुस्तकं वाचली, दुसऱ्यांची पुस्तकं तपासून देण्याचं काम करते, वाक्यांच्या तक्रारी ऐकत माझा दिवस जातो. पण या इतक्या छोट्या वाक्यांना काय करावं हे मला सुचत नव्हतं.

त्या पायरीवरून निघून मी बाबांच्या दुकानात गेले तेव्हा ते एका फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पण कापलेली टेप कशी ऐकू येते ते सांगितलं नाही. “म्हणजे हो म्हटलं तर ती राहते,” ते म्हणाले, “आणि नाही म्हटलं तर कचऱ्यात.” “तशी राहत नाही बाबा. मधल्या जागा काढून राहते.” “त्या जागा शिकणाऱ्यांसाठी होत्या. आता शिकणारे वेगळे आहेत. ज्याला थांबवायचं असेल तो बोटाने थांबवेल, फोनवर सोय असते.” त्यांनी फ्रेम उजेडाला धरली. “काढू दे की. तिचा आवाज लोकांनी ऐकावा असं तुला वाटत नाही?” “वाटतं.” “मग झालं तर.” इतकं पटकन, इतकं सरळ. मला भांडता येईना. त्या जागांमध्ये कोण बसलंय हे त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? टेपवर त्यांचा आवाज कुठेच नाही. त्यांच्या बोलण्याएवढी जागा मात्र आहे, दर वाक्यागणिक वेगळी, कुठे लहान, कुठे मोठी. तेवढी काढली की त्या दोघांपैकी एकही उरत नाही, नुसता एक चांगला आवाज उरतो. “एकदा ऐकून तर घ्या,” मी म्हणाले, “मग काय ते तुम्हीच सांगा.” “आवाज ऐकायला आहे काय त्यात नवीन, आयुष्यभर ऐकला,” ते म्हणाले, पण उठून त्यांनी शर्टाची घडी नीट केली.

साउंड एडिटरने त्यांच्यासाठी चांगली खुर्ची आणली, पाणी आणलं. “काका, आधी नवीन ऐकवतो, मग जुनं.” “जुनं आधी लावा,” मी म्हणाले. त्याने धड्याचा दुसरा भाग लावला. खोलीत आधी आईच्या खोलीचा आवाज आला, तो जुना, जाड, भिंतींना गाद्या लावलेल्या जागेचा आवाज, आणि मग ती. “ए की,” ती म्हणाली आणि थांबली. बाबा पडद्याकडे बघत होते. टेकडी संपली, सपाट रान सुरू झालं. त्यात कुठेतरी खुर्ची बारीक करकरली. तिने श्वास आत घेतला, हळूच सोडला. बाबा काही बोलले नाहीत. मला ती पंधरा सेकंदं सोसवेनात. “ए की टू ओपन द डोअर,” आईने अखेर सांगितलं. साउंड एडिटर माझ्याकडे बघून ओशाळा हसला. म्हणजे बघा, असं.

“ए चान्स,” आई म्हणाली.

“ए चान्स टू स्पीक,” बाबा म्हणाले.

एका दमात. टू वर त्यांची मान वर झाली नाही, गळा ताठला नाही. रस्त्याने जाताना ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसं ते बोलून गेले. आणि मग त्यांचं झालं, तरी रान संपेना. उभी रेघ सावकाश सरकत होती. तिकडे आई ओठ मिटून बसली होती, तिच्यासमोर काचेपलीकडे स्टुलावर एक तरुण माणूस ‘ट’शी अडून बसला होता, आणि तो मोकळा झाल्याखेरीज ती पुढे जाणार नव्हती. इकडे बाबांचं केव्हाच झालं होतं. त्यांनी मान किंचित पुढे केली. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाट बघताना बघत होते. एरवी त्यांचीच वाट बघितली जायची. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. तिने श्वास घेतला, वाटलं आता बोलेल, नाही बोलली. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, डोळ्यांच्या कडांशी, आणि तिथेच राहिलं.

साउंड एडिटरचा हात माउसकडे गेला. “हे फारच लांब आहे, काका. पुढे घेऊ?”

“नको,” बाबा म्हणाले. “तिचं थांबून व्हायचंय अजून.”

तो बाबांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “पण मग,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “हे असंच ठेवायचं? असं आमच्याकडे चालणार नाही, काका. मग दुसरा आवाज घ्यावा लागेल.”

“घ्या,” बाबा म्हणाले. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नव्हती. “चांगली मुलगी बघून घ्या. पण आमच्या हिच्या मागे घाई लावायची नाही.”

त्याने माउसवरचा हात उचलला आणि तोही खुर्चीत मागे टेकून बसला. रेघ सरकत होती. आम्ही तिघंही कान लावून बसलो होतो, आई कधी बोलते त्याकडे.